पश्चिमेची काच

बोरखेडं, ता. धुळे
१८ नोव्हेंबर २०२३

चि. दिपमाला हिला लोटननानाचा आशीर्वाद.

परवा फोनवर तू बरंच बोललीस, पण मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. कानाचं यंत्र लावलं की आत शिट्टी वाजते, आणि मोबाइलवरची अक्षरं मुंगीएवढी. म्हणून हे पत्र. तूही पत्रच लिही. सुपडू पोस्टमन आठवड्यातून दोनदा येतो, आणि हाक न मारता दार ढकलून आत येतो, एवढी त्याला माझी सवय आहे.

तुझ्या शब्दावर महावीरसेठनी मला वृद्धनिवासाच्या कामावर देखरेखीला ठेवलं, त्याबद्दल बरं वाटलं. सत्तरीच्या गवंड्याला कोण काम देतं? सेठ जळगावहून दर रविवारी येतात. आईच्या नावाने इमारत व्हायची म्हणून विटेलासुद्धा हात लावून बघतात. पाया झाला, खांब उभे राहिले.

आता ज्यासाठी लिहितोय ते. तुमच्या पुण्याच्या ऑफिसने पाठवलेल्या नकाशात पश्चिमेची बाजू सगळी काचेची दाखवली आहे. वीस फूट, आणि ती उघडत नाही. पोरी, आपल्याकडे गोठ्यालासुद्धा पश्चिमेला खिडकी ठेवत नाहीत. एप्रिल-मेमध्ये चार वाजताचं ऊन आडवं घरात शिरतं. तुझा बाप असता तर त्यानेही हेच विचारलं असतं. नकाशा चुकून उलटा तर नाही ना लागला?

तुझा
लोटननाना

*

पुणे
२९ नोव्हेंबर २०२३

ती. नानांना सा. नमस्कार.

नकाशा उलटा नाही, नाना! तुम्ही विचारलंत ते मात्र बरं केलंत. कंत्राटदाराने विचारलंच नाही.

आमच्या सरांनी चार वर्षांपूर्वी पाचगणीला असंच एक निवासस्थान बांधलं. काचेतून दुपारचं ऊन आत घ्यायचं, चारी बाजूंनी इमारत घट्ट बंद ठेवायची, म्हणजे आतली ऊब वाया जात नाही. तिथे विजेचं बिल निम्म्यावर आलं आणि इमारतीला बक्षीस मिळालं. तेच महावीरसेठनी पाहिलं आणि त्यांना तसंच हवं आहे. विजेची बचत करणाऱ्या इमारतींना पाट्या मिळतात, तशी पाटी आईच्या फोटोखाली लागावी असं त्यांच्या मनात आहे.

तिकडे ऊन जास्त म्हणून आपण दुहेरी काच लावतोय, भिंतींना आतून थर देतोय आणि एसी बसवतोय. घट्ट बंद इमारतीत गारवाही तसाच टिकतो. शिवाय मागच्या भिंतीत, छताजवळ, सहा झडपा आहेत. रात्री त्या उघडायच्या की गरम हवा वरून निघून जाईल. कॉम्प्युटरला हवामान घालून वर्षाच्या प्रत्येक तासाचा हिशेब काढलाय, नाना. अंदाजाचं काम नाही.

आणखी एक. प्रमिलाअक्का चाळीसगावला एकटी राहते, ते मला बरं वाटत नाही. पिठाची गिरणी बंद करून तिला तीन वर्षं झाली, आता गुडघेही गेलेत. निवास तयार झाला की तिला तिथे आणू या. तुम्ही तिचे भाऊ, हाकेच्या अंतरावर असाल. तिला मी समजावते, मी तिची लाडकी भाची आहे.

तुमची
दिपमाला

*

बोरखेडं
२१ मार्च २०२४

चि. दिपमालास आशीर्वाद.

उद्घाटन झालं. तू आली नाहीस. सेठनी तुझं नाव माइकवरून घेतलं असं शेजारच्या अभिमनने मला माझ्या लिहायच्या पाटीवर लिहून दाखवलं.

इमारत दिसायला छान झाली आहे, खोटं कशाला बोलू. धुळ्याहून पारोळ्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबून बघतात. अठरा म्हातारी माणसं आली. अक्का चाळीसगावहून दोन ट्रंका आणि गिरणीचा एक जुना पट्टा घेऊन आली. पट्टा कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, सवय. साऱ्या जगात तिचाच आवाज मला यंत्राशिवाय ऐकू येतो, गिरणीच्या धडधडीवर कमावलेला ना! रोज संध्याकाळी मी तिच्या खोलीत जातो. ती मला गावातल्या भानगडी सांगते. गावात मी राहतो, आणि बातम्या तिच्याकडे.

व्यवस्थापक लीलाधर नावाचा आहे, जरा घाईचा माणूस. रूपा म्हणून मुलगी काळजीवाहक आहे. शेजारच्या गावची, चोवीस-पंचवीसची, हाताला चपळ. अक्काशी तिचं जमतं.

वारा सुटला आहे आणि धूळ फार. झडपांचं तू अक्काला फोनवर विचारलंस म्हणे. ठीक आहेत.

तुझा
लोटननाना

*

पुणे
८ एप्रिल २०२४

ती. नानांना नमस्कार.

पाटी मिळाली! पाचपैकी चार तारे. सरांनी ऑफिसात पेढे वाटले. सेठ फोनवर रडले, म्हणाले, "आईला गावात पंखासुद्धा मिळाला नव्हता, बेटा."

उद्घाटनाला येऊ शकले नाही याची चुटपुट आहे. अक्का माझ्यावर रुसली आहे का? परवा फोनवर म्हणाली, "दिपू, दुपारी काचेकडच्या भिंतीला हात लाव, पोळस." ती थोडं वाढवून सांगते, तुम्हाला माहीतच आहे. पण एसी नीट चालतात ना? आणि रात्री झडपा उघडतात ना? रूपाला दोरी कशी ओढायची ते तुम्ही स्वतः दाखवा. त्या झडपांवर बरंच अवलंबून आहे.

तुमची
दिपमाला

*

बोरखेडं
२७ एप्रिल २०२४

चि. दिपमालास आशीर्वाद.

गरम आहे. यंदा लवकर तापलं. एसी चालू असतात तोवर बरं असतं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे चालतात, तेही दोन तास.

रूपा व्यवस्थित करते. काळजी करू नकोस.

अक्षय्य तृतीया दहा मेला आहे, आखाजीला ये. अक्का म्हणते, माहेरवाशिणीने आखाजीला यावं असा आपल्याकडचा रिवाज आहे, पुण्याला गेली म्हणून काय झालं. झोका बांधायला निंब मीच शोधून ठेवला आहे, असंही लिहायला सांगितलं.

तुझा
लोटननाना

*

पुणे
१२ जून २०२४

ती. नाना,

दहाव्याला आले, पण तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्ही ओट्यावर बसला होतात आणि मी समोरून गाडीत बसून निघून गेले. तुमच्या डोळ्यांकडे बघण्याची हिंमत झाली नाही.

अक्का गेली हे मला लीलाधरच्या फोनवरून कळलं. तो म्हणाला, "उष्माघात. तिघं गेले." एवढंच. वर्तमानपत्रात आलंय की काळजीवाहक रूपाने झडपा उघडल्या नाहीत, माणसांना बंद खोलीत ठेवलं, म्हणून तिला अटक झाली. नाना, झडपा उघडल्या असत्या तर हवा निघून गेली असती. त्या मुलीने असं का केलं? मी तुम्हाला सांगितलं होतं तिला दाखवा म्हणून.

त्या दिवशी काय झालं ते मला सगळं लिहा. काही वगळू नका.

दिपमाला

*

बोरखेडं
१९ जून २०२४

चि. दिपमाला,

सगळं लिहितो.

पंचवीस मे, शनिवार. आदल्या दिवशी दुपारी गावाची डीपी जळाली आणि लाइट गेली. वायरमन म्हणाला, धुळ्याहून दुसरी येईल तेव्हा येईल. पहिली रात्र माणसांनी अंगणात काढली. सकाळी दहाला अंगणही तापलं, तेव्हा लीलाधरने सगळ्यांना आत घेतलं आणि स्वतः डीपीच्या मागे धुळ्याला गेला. मागे एकटी रूपा. जी बरी चालणारी होती, त्यांना तिने अकरापर्यंत शाळेच्या व्हरांड्यात नेऊन बसवलं. अंथरुणाला खिळलेली किंवा गुडघ्यांनी अडलेली पाच जणं आत राहिली. अक्का त्यांच्यात.

दोननंतर काचेवर ऊन आलं. आत किती झालं असेल ते मला सांगता यायचं नाही. अभिमन नंतर पोचला, तो सांगतो, दार उघडल्यावर तोंडावर वाफ आली, चुलीत डोकं घातल्यासारखी. काच फोडायला रूपाने खुर्ची मारली. तुमची काच फुटली नाही. मग तिने एकेकाला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. दोघं वाचली. तोतारामबाबा आणि सुंदरबाई शाळेपर्यंत पोचूनही गेली. अक्का आतच गेली.

मधे रूपा माझ्या दारी आली होती. दोघांनी मिळून माणूस उचलता आला असता. मी जेवून पडलो होतो. ती दार ठोकत राहिली, हाका मारत राहिली. शेजारच्या बाईने बघितलं. आत कोणी नाही असं समजून रूपा परत पळाली. मी आत होतो, पोरी. त्या उन्हाळ्यात मी दुपारी कडी लावून झोपत होतो, कुत्री आत येतात म्हणून.

आता ते, जे मी तुला लिहिलं नाही. तिने झडपा उघडल्या नाहीत, कारण झडपा नव्हत्या. मार्चच्या सुरुवातीला, उद्घाटनाआधी, धुळीची वावटळ आली, सगळ्या गाद्या मातीने भरल्या. लीलाधर म्हणाला, "मिस्तरी, एसीची हवाही तिथूनच जाते, ती भोकं बुजवून टाका." मी म्हटलं, दिपमालाला विचारतो. तो म्हणाला, विचारायचं काय त्यात. आणि मी बुजवली. या हाताने. विटा लावल्या, गिलावा केला, रंग दिला. रूपा कामाला लागली त्याच्या आधीच ते झालं होतं. तिला माहीतच नव्हतं की तिथे काही होतं. तू विचारलंस, मी लिहिलं, ठीक आहेत. तुला वाईट वाटेल, माझा शब्द जाईल, म्हणून.

लीलाधर आता म्हणतो, मी असं सांगितलंच नाही. कागद कुठे आहे?

पोरगी धुळ्याच्या तुरुंगात आहे. मी फौजदाराकडे जायला निघतो आणि एस.टी. स्टँडवरून परत येतो. तीनदा झालं असं. मला भीती वाटते. काय करू ते तू सांग.

तुझा
नाना

*

पुणे
३ जुलै २०२४

ती. नाना,

पत्र मिळालं.

आत्ता कोणाला काही बोलू नका. फौजदारांकडेही जाऊ नका. मी इथे बघते.

दिपमाला

*

बोरखेडं
२६ जुलै २०२४

चि. दिपमाला,

मंगळवारी मला बोलावलं होतं. फौजदार तरुण आहे, वागायला वाईट नाही. मला ऐकू येत नाही म्हणून प्रश्न लिहून देत होता. मग त्याने एक कागद समोर सरकवला. अक्षर ओळखीचं वाटलं. वाचलं तर तुला लिहिलेलं पत्र. त्याची झेरॉक्स.

त्याने लिहिलं, पुण्याच्या ऑफिसकडून वकिलामार्फत आली. सोबत चिठ्ठी होती की आमच्या नकाशात दोष नाही, गवंड्याने न विचारता झडपा बुजवल्यामुळे हे घडलं.

मी सही करून दिली. होय, मीच लिहिलं, सगळं खरं आहे. माझ्यावर गुन्हा लागला. वय बघून घरी सोडलं, रोज सकाळी चौकीवर हजेरी आहे. रूपाला जामीन मिळाला, म्हणजे पत्राचं चांगलंच झालं. मला जे स्टँडपर्यंत जाऊन जमलं नाही, ते झेरॉक्सने केलं.

मला एवढंच सांग. पत्र तू दिलंस, की तुझ्याकडून कोणी घेतलं?

लोटननाना

*

पुणे
९ ऑगस्ट २०२४

ती. नाना,

मी दिलं.

मनात नसताना दिलं असं लिहिणार होते, तीन कागद फाडले. मला द्यायचंच होतं. तुमचं पत्र वाचताना अक्कासाठी रडले, आणि झडपांच्या ओळीवर आले तेव्हा छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. चूक माझी नाही, नानांची आहे. हे मला खरोखर वाटलं. ते पत्र घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "आपण सुटलो." 'आपण' म्हणाले, आणि मी खुर्चीवर बसून राहिले.

आता माझी बाजू ऐका.

मी लिहिलं होतं, कॉम्प्युटरला हवामान घालून हिशेब काढलाय. कुठलं हवामान ते लिहिलं नव्हतं. ते पुण्याचं होतं. पुण्यात मे महिन्यातही रात्री बाहेरची हवा गार असते. आपल्याकडे पहाटेपर्यंत भिंत हाताला गरम लागते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच गावात घराच्या मातीच्या धाब्यावर, उघड्यावर झोपून मी मोठी झाले.

आधी मी धुळ्याचंच हवामान घातलं होतं. आकडे वाईट आले. वीज गेल्यावर दुपारी खोलीत सत्तेचाळीस. काच काढा, पश्चिमेला जाड भिंत आणि पडवी करा, असा दुसरा नकाशाही मी केला. सर म्हणाले, सेठना पाचगणीसारखी इमारत दाखवून काम मिळवलंय, आता त्यांना पडवी दाखवू? काचेच्या नकाशाला पुण्याचं हवामान घाल, महाराष्ट्रच आहे. घातलं. चार तारे आले. हिशेबाच्या कागदावर सही माझी आहे.

त्या सत्तेचाळीसच्या आकड्यात झडपा उघड्या धरल्या होत्या, नाना. उघड्या असूनही सत्तेचाळीस. तुम्ही बुजवल्या नसत्या तरी अक्का वाचली नसती. कदाचित तोतारामबाबा वाचले असते, मला सांगता येत नाही.

काल मी धुळ्याला येऊन जबाब दिला. दोन्ही हिशेब, दोन्ही नकाशे, सरांच्या ईमेल, सगळं दिलं. फौजदारांनी विचारलं, "हे तुम्ही जूनमध्ये का नाही आणलं?" मी म्हटलं, तेव्हा माझ्याकडे नानांचं पत्र होतं.

नोकरी गेली. माझ्या परवान्याची चौकशी होईल, खटल्यात माझं नाव लागेल. बोरखेड्याच्या फाट्यावरून बस गेली, उतरले नाही.

मला माफ करा असं लिहायचा हक्क मला आहे का, ते तुम्हीच सांगा.

दिपमाला

*

बोरखेडं
१५ ऑक्टोबर २०२४

दिपमाला,

उत्तर द्यायला दोन महिने लावले. राग उतरायची वाट बघत होतो. उतरला नाही, तरी लिहितो.

सत्तेचाळीसचा आकडा तुझ्या कागदावर होता आणि तू अक्काला तिथे राहायला आणलंस. मी यावर रोज विचार करतो आणि रोज तिथेच अडतो. तुला वाटलं असेल एसी आहे, लाइट कशाला जाईल. पुण्यात राहून तू विसरलीस की इथे लाइट जाते, हे मी समजू शकतो. पण तू विसरली नव्हतीस, असं तूच लिहितेस.

माफी मागतेस. माझ्याकडे ती असती तर मी आधी स्वतःला दिली असती. तिघं गेले, त्यांच्याकडून आता मिळायची नाही. राहिली रूपा. ती घरी आहे. तिचं जमलेलं लग्न मोडलं. गावात तिला अजून 'ती म्हाताऱ्या मारणारी' म्हणतात, आपल्या दोघांचे जबाब झाले तरी. पेपरात अटक मोठी छापून आली होती, जामीन आला चार ओळींत. ती कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाते. तुला जायचं असेल तर तिच्याकडे जा. मी गेलो नाही. दोनदा तिच्या गल्लीपर्यंत जाऊन आलो.

महावीरसेठ आले होते. फोटोखालची पाटी त्यांनी स्वतः पाना घेऊन काढली. मग काचेसमोर फरशीवर बसले आणि मला माझ्या लिहायच्या पाटीवर लिहून विचारलं, "मिस्तरी, इमारत पाडू?" मी म्हटलं, खांब चांगले आहेत. पाडू नका, बदला. मीही हात लावीन, तुम्हाला चालणार असेल तर. तुझा तो दुसरा नकाशा फौजदाराकडे गेला, पण तुझ्या डोक्यात असेल. तो काढून पाठव. सही धुळ्याच्या कोणा इंजिनिअरची घेऊ. यात तुझं नाव कुठे लागणार नाही.

लोटननाना

*

धुळे
२२ जानेवारी २०२५

ती. नाना,

नकाशे इंजिनिअरसाहेबांकडे सोपवले. हिशेब या वेळी धुळ्याच्या हवामानावर काढलाय, आणि वीज चोवीस तास नाही असं धरून. काच पूर्ण काढायची. दीड फुटी विटेची भिंत, तिच्यापुढे आठ फुटांची पडवी. छतावर मातीची मडकी उलटी मांडून वर चुन्याचा कोबा, म्हणजे ऊन छतापर्यंत पोचायच्या आधी मडक्यांतल्या पोकळीत अडतं. खिडक्या उत्तर-दक्षिणेला, आणि प्रत्येक हाताने उघडणारी. पडवीला वाळ्याचे पडदे. आपली हवा कोरडी, पडद्यावर पाणी मारलं की विजेशिवाय गारवा येतो. पाचगणीला हे पडदे कुजले असते, तिथे काचच बरोबर होती. गुन्हा ती काच इथे आणण्यात होता.

मी रूपाकडे गेले. पहिल्या दिवशी तिच्या आईने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी खळ्यावर गेले आणि तिच्या शेजारी बसून कांदे निवडायला लागले. मी सगळं सांगितलं, सत्तेचाळीसचा आकडासुद्धा. मग ती जे बोलली ते तुम्हाला सांगू का म्हणून मी तिला विचारलं. म्हणाली, "सांगा. माझ्याच्याने त्यांना सांगवणार नाही."

त्या दिवशी पाच जणं आत होती. आधी कोणाला उचलायचं हे तिला ठरवायचं होतं. अक्का दाराजवळ होती आणि सगळ्यांत जास्त शुद्धीवर होती. पण अक्का जड. रूपाने मनात ठरवलं की हिला उचलताना मी पडले तर बाकीचे राहतील, म्हणून हिला शेवटी. अक्काला ते कळलं. तिने हाक मारली, "रूपा, माले ली चाल ना." घेऊन चल म्हणून. रूपा तिच्यासमोरून चार वेळा गेली, चारही वेळा अक्काने हाक मारली, आणि तिने मान वळवली नाही. पाचव्यांदा आली तेव्हा हाक नव्हती.

"फौजदारांनी सगळं विचारलं," ती म्हणाली, "हे कोणी विचारलं नाही. तुरुंगात टाकलं तेव्हा मला वाटलं, बरोबरच आहे."

नाना, हे तुम्हाला कळवू नये असं मला वाटत होतं. पण लपवून काय होतं ते आपण दोघांनी पाहिलं आहे.

दिपमाला

*

बोरखेडं
२४ एप्रिल २०२५

चि. दिपमाला,

तुझं पत्र वाचल्यावर मी चार दिवस जेवलो नाही. अक्काने हाक मारली असेल, तर त्या आवाजात मारली असेल जो मला ऐकू येतो. तो मधल्या रस्त्यावरून माझ्या घरापर्यंत आला नाही, एवढी ती बंद इमारत होती.

पाचव्या दिवशी रूपाच्या घरी गेलो. आई दार लावायला लागली, तर मी उंबऱ्यावरच बसलो. रूपा बाहेर आली. मला तिचं ऐकू येणार नव्हतं, आणि तिने काही बोलावं म्हणून मी गेलोच नव्हतो. मी म्हटलं, "बेटा, माझी बहीण जडच होती. मी तिचा भाऊ, आयुष्यभर विटा-सिमेंट उचललेला माणूस. मी तिथे असतो तर मीही तिला शेवटीच ठेवलं असतं." हे खरं आहे का ते मला माहीत नाही. असेल असं वाटतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. मग तिच्या आईने पाणी आणून दिलं.

काम मार्चअखेर पुरं झालं. पश्चिमेच्या भिंतीच्या खालच्या चार थरांच्या विटा मी लावल्या. पुढे कमरेने साथ दिली नाही. सेठनी गावोगाव निरोप पाठवले, पण कोणी आपला बाप-आई पाठवायला तयार नाही. अभिमन म्हणतो, लोक रस्त्याने जाताना त्या बाजूला बघतही नाहीत. अठरा खाटा घातलेल्या आहेत, चादरी घातलेल्या आहेत. बाकीचे वाचलेले पंधरा जण जळगावला दुसऱ्या आश्रमात गेले, ते परत येणार नाहीत.

म्हणून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मीच राहायला गेलो. घराला कुलूप लावलं. अक्काची खोली घेतली. सेठ नको म्हणाले, खटला चालू असलेला माणूस इथे कसा? मी म्हटलं, कोणीतरी उन्हाळा काढून दाखवल्याशिवाय लोक येणार नाहीत, आणि कोणाचा बाप धोक्यात घालायचा तर आधी मी. तारीख ऑगस्टची पडली आहे. तोवर मोकळाच आहे.

मंगळवारी त्रेचाळीस होतं आणि दुपारी बारालाच लाइट गेली. सेठच्या माणसाने मला घरी चला म्हटलं. मी नाही उठलो. खाटेवर बसून राहिलो. खोलीतल्या तापमानाच्या काट्यावर दोन वाजता तेहतीस, तीन वाजता चौतीस. चारला पडवीपर्यंत ऊन आलं आणि पडवीतच थांबलं. तुझ्या कागदावर पस्तीस लिहिलं आहे, तेव्हा हिशेब बरोबर आला म्हणायचा.

साडेचारच्या सुमारास रूपा आली. कांद्याच्या खळ्यावरून घरी निघाली असेल, पदराला फोलपटं होती. दाराच्या बाहेरच उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. ओठांवरून कळलं, विचारत होती, "गरम व्हस का, नाना?"

मी मानेने नाही म्हटलं.

ती खाटेकडे, भिंतीकडे, वर छताकडे बघत होती. मग गेली.

लोटननाना